धर्मपालचे नऊ ठोकळे

धर्मपाल आमच्या गिरणीत सुतारखात्यात होता. मी, ईश्वर, शेजारी, लेथवर. मध्ये फक्त तारेची जाळी. एकवीस वर्षं आम्ही त्या जाळीतून एकमेकांचं काम पाहिलं. माणूस कसा आहे हे त्याच्या कामावरून कळतं, बोलण्यावरून नाही. म्हणून त्याच्याबद्दल लिहितो.

तो माढ्याजवळच्या एका खेड्यातला. बाप गिरणीत कापसाच्या गाठी उचलायला आला आणि मागून हा आला. सुतारकी त्यांच्या घरात नव्हती. खात्यात त्याला भुसा झाडायला घेतलं होतं. हत्याराला हात लावायचा नाही, अशी मिस्त्रींची ताकीद होती. मिस्त्री म्हणजे कल्लप्पा. कडक माणूस.

एकदा कल्लप्पांनी एक फुटका धोटा भंगारात टाकला. मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो लाकडी धोटा. धर्मपालनं तो उचलला. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून दुरुस्त केला आणि गुपचूप चांगल्या धोट्यांत ठेवून दिला. तो अकरा दिवस मागावर चालला. बाराव्या दिवशी कल्लप्पांच्या हातात आला.

"कोण केलं हे?"

धर्मपाल पुढे झाला. कल्लप्पांनी धोटा उजेडात धरला, सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही.

"झाडू ठेव," ते म्हणाले. "रंधा घे."

धर्मपाल हे नाव त्यानं स्वतः घेतलं, वीस वर्षांचा असताना, बौद्ध झाला तेव्हा. आधीचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. अंगानं बारीक, हात मात्र मोठे. सांधा ठोकून बसवला तर त्याला राग यायचा. "आपसूक बसलं पायजे," म्हणायचा. "ठोकून तर काय बी बसतंय."

आता ठोकळ्यांची गोष्ट. १९७७ सालची.

सात रस्त्याजवळ एक धर्मादाय दवाखाना होता. त्याच्या मागच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या शनिवारी-रविवारी पुण्याहून गिरिजाबाई येत. तिशीतल्या होत्या, चष्मा, खांद्याला झोळी. त्या मुलं तपासत. ताप-खोकल्याची नव्हे. जे मूल उशिरा बोलतं, ज्याला शाळेत काही येत नाही, ज्याला मास्तर मंद म्हणतात, असं मूल. सुई नाही, औषध नाही. चित्रं दाखवायची, आकडे म्हणायला लावायचे, ठोकळे मांडायला द्यायचे. शेवटी एक कागद लिहून द्यायचा. त्या कागदावर शाळा ठरवायची, मूल ठेवायचं की नाही.

फेब्रुवारीत बाईंची सामानाची पेटी गाडीत हरवली. केम स्टेशनवर कुणीतरी आपली समजून उतरवून घेतली. चित्रं झोळीत होती म्हणून राहिली. ठोकळे आणि आकारांची फळी गेली. दवाखान्याचे डॉक्टर आमच्या गिरणीतही येत. त्यांनी धर्मपालला निरोप दिला. रविवारी तो मला घेऊन गेला.

बाईंनी कागदावर मापं लिहून दिली. नऊ ठोकळे, प्रत्येक एक इंच. दोन बाजू लाल, दोन पांढऱ्या, दोन बाजू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या.

धर्मपालनं कागद वाचला. "बाई, एक इंच म्हंजे रंगाच्या आदी का रंगानंतर?"

"म्हणजे?"

"रंगाचं दोन हात बसत्यात. दोन्ही अंगानं जाडी वाढती. नऊ एकाला एक लावलं की फरक कळतोय."

बाईंनी इंग्रजी पुस्तक उघडलं. पानं उलटली. पुन्हा उलटली. "यात दिलेलं नाही."

"मग पुस्तक लिवणाऱ्यानं सोता ठोकळं केलेलं न्हाईत."

बाई हसल्या. "रंगानंतर एक इंच करा."

"आता कसं!"

तीन रविवार गेले. त्यानं जुन्या मागाचं सागवान घेतलं. वीस वर्षं वाळलेलं लाकूड, आता ते फुगणार नाही की आखडणार नाही. बारा ठोकळे केले, त्यातले तीन फेकले. त्या तिन्हींत काय खोट होती ते मला दिसलं नाही. त्याला दिसलं. मग फळी केली. फळीत दहा खाचा, त्यात बसणारे दहा तुकडे. गोल, चौकोन, चांदणी असे. ते तुकडे तो डोळे मिटून बसवून बघत होता, तर बायको केसरबाई दारात येऊन उभी राहिली.

"परीक्षा पोरांची हाय का तुमची?"

"आंधळ्या लेकराला बी जमलं पायजे."

"जमंल. तवर डोळं उघडून जेवून घ्या. भाकरी निवली."

पाच मार्चला, शनिवारी, पाळी संपवून आम्ही फळी आणि ठोकळे सायकलवर बांधून दवाखान्यात नेले. बाईंनी एकेक तुकडा खाचेत सोडला. तो आपोआप आत गेला. त्यांनी मान हलवली. तेवढ्यानं काम संपायला हवं होतं. पण धर्मपाल हलेना.

"बाई, एक डाव बघतो पोरं कशी खेळत्यात ते."

"बाहेरच्यांना बसता येत नाही."

"मी भायेरचा कुटं? ठोकळं माजं हायेत."

"ठोकळे तुमचे, मुलं नाहीत."

"हात कसा लागतोय ते बघाया नको? उद्या कोपरा उडाला तर पुन्यास्नं मला पत्र लिवनार का?"

बाईंनी कपाळाला हात लावला. खोलीत एक कापडी पडदा होता, रुग्ण तपासायचा. त्याच्या मागे आम्हाला बसवलं, फटीतून दिसेल असं. "बोलायचं नाही. खोकायचं नाही. मुलाला कळता कामा नये."

आधी तीन-चार मुलं येऊन गेली, शेवटचा एक पाच वर्षांचा मुलगा. त्यानं फळीतली चांदणी खिशात घातली आणि परत द्यायला तयार होईना. बाईंनी शेवटी दोन गोळ्यांवर सौदा केला. मग काशम्मा आली.

नऊ वर्षांची मुलगी, घरात तिला काशी म्हणत. दोन वेण्या, लाल रिबिनी. बरोबर बाप, धोंडप्पा. घरी चादरीचा हातमाग. घरात कानडी, शाळेत मराठी. त्यानं हेडमास्तरांची चिठ्ठी बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती हळू आवाजात वाचली. मुलगी तिसरीत दुसऱ्यांदा बसली आहे, दोन अक्षरं जोडून वाचता येत नाहीत, तपासणीत मंद निघाली तर वर्षअखेर नाव कमी करण्यात येईल.

"बाई, घरात हे पोरगी लई हुशार," धोंडप्पा म्हणाला. "शाळेतच काय होतंय कळत न्हाई. नाव काढू नका म्हणून लिवा की."

"दिसेल तेच लिहिते मी."

"आनी न्हाई दिसलं तर?"

"बाहेर बसा जरा. काशम्मा, ये अशी. शाळा आवडते का तुला?"

"आवडती की."

"काय काय आवडतं?"

"गाणं. तोंडी गणित. मदली सुट्टी."

"आणि वाचन?"

काशी खाली बघत म्हणाली, "अक्षर काल वळकीचं असतंय. आज बघितलं तर वळकच न्हाई."

बाईंनी ते लिहून घेतलं.

फळी पुढे आली. बाईंच्या हातात घड्याळ. काशीनं तुकडे ढिगातून उचलले ते सरळ खाचेवरच. एकही तुकडा दोनदा फिरवला नाही. त्या दिवशीच्या सगळ्या मुलांत ती पहिली. पडद्यामागे धर्मपालनं माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता.

मग ठोकळे. बाईंनी आधी स्वतः एक नमुना मांडून दाखवला. चार ठोकळे, लाल जमिनीवर मधोमध पांढरी चौफुली, शंकरपाळ्यासारखी. मग चार ठोकळे काशीपुढे सरकवले. "आता तू कर."

काशीनं केलं. झटकन केलं. पण पांढऱ्या जमिनीवर लाल चौफुली.

बाईंनी चित्रांचे पत्ते काढले. एक पत्ता, तसे ठोकळे. दुसरा पत्ता. तिसरा. सहा पत्ते झाले. सहाही वेळा आकार बिनचूक, कडा सरळ, आणि रंग उलटे. लाल तिथे पांढरा, पांढरा तिथे लाल. प्रत्येक वेळी काशी पत्त्याकडे बघायची, आपल्या ठोकळ्यांकडे बघायची आणि समाधानानं हात मागे घ्यायची. चूक की बरोबर हे मुलाला सांगायचं नाही, असा नियम. बाई फक्त लिहीत होत्या. पेन्सिलीचा आवाज येत होता तेवढाच.

बाईंनी म्हटलेले आकडे परत म्हणायला सांगितले, तिनं सहा आकडे त्याच क्रमानं म्हटले, चार शेवटाकडून उलटे. वाचायला दिलं, काही आलं नाही.

बाईंनी धोंडप्पाला सांगितलं, कागद उद्या दुपारी मिळेल, चार वाजता माझी गाडी आहे. बापलेक गेले. धर्मपाल पडद्यामागून बाहेर आला.

"ठोकळ्यात किती दिलं तिला?"

"सांगता येत नाही."

"शून्य. मी बघत हुतो की."

बाईंनी चष्मा काढला. "फळीत पहिली आणि ठोकळ्यांत शून्य, असं सहसा होत नाही. पण जे झालं तेच लिहावं लागतं. वाचन तर येतच नाही. सगळं मिळून आकडा खाली जाईल. त्या शाळेला हवा तसाच कागद होईल."

"म्हंजे नाव कटनार."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"माज्या ठोकळ्यात खोट असंल," धर्मपाल म्हणाला. "ठोकळं घरी नेतो. उद्या दुपारपर्यंत आणून देतो."

संध्याकाळी उजेड होता तोवर आम्ही माझ्या अंगणात बसलो. मी व्हर्नियर घेतला, केसाएवढा फरक मोजणारी पट्टी. नऊ ठोकळे, प्रत्येकी सहा बाजू. एकेक माप मी मोठ्यानं सांगत होतो, तो ऐकत होता. गुण्या लावून काटकोन पाहिले. ऊन तिरपं पडल्यावर रंग पाहिला, लाल कुठे फिका पडत नाही ना म्हणून. कुठेच काही नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ लाकूड मोजलं, इतकं बिनचूक कधी निघालं नाही.

"खोट नाही," मी म्हणालो. "आता झोप निवांत."

"निवांत कसा? खोट ठोकळ्यात न्हाय, तर मग हाय कुटं?"

"पोरगी चुकली."

"ईश्वर, चुकनारं मानूस एकदा तरी चुकून बरूबर करतंय. ही सहाच्या सहा उलटी. येवढं उलटं करायला नजर लागती. तिला कायतरी ठावं हाय, आपल्याला न्हाय."

रविवारी सकाळी आम्ही धोंडप्पाचं घर शोधून काढलं. पुढच्या खोलीत माग. माग सोडला तर त्या खोलीत फारशी जागा नव्हती. काशीची आई शरणम्मा चहा ठेवायला आत गेली. धोंडप्पा मागावर बसला होता. मागावर लाल-पांढरी चादर. काशी कुठे दिसेना.

"कुटं गेली लेक?" धर्मपालनं विचारलं.

"हाय की हितंच," धोंडप्पा म्हणाला आणि पायानं खाली दाखवलं.

काशी मागाखाली होती. जमिनीवर पाठ टेकून, वर ताणलेल्या कापडाकडे बघत. बापानं चार बोटं विणलं की तो वरून ओरडायचा, "काशी, नोडु!" म्हणजे बघ.

"फूल?"

"पांडरं!"

"जमीन?"

"लाल!"

"पान?"

"पांड... अप्पा, थांब. पान लाल दिसतंय. एका बोटायेवढं."

धोंडप्पानं निरखून पाहिलं. वरही तिथे लालच होतं. एक धागा अडकला होता. त्यानं तो सुईनं सोडवला आणि माग पुन्हा सुरू केला.

धर्मपाल उठून मागाजवळ गेला. वरून पाहिलं, गुडघ्यावर बसून खालून पाहिलं. पुन्हा वरून. "धोंडप्पा, हे काय चाललंय तुमचं?"

"चादर दुहेरी असती न्हवं का. दोन कापडं एकात. वर लाल फूल असंल तर खाली तेच फूल पांढरं पायजे. दोन्हीकडं एकच रंग दिसला की डाग. मी वरनं बघतो, ही खालनं. माझी मान वाकत न्हाई, हिची वाकती." आतून शरणम्मा ओरडली, "मान न्हाई वाकत, कंबर न्हाई वाकत, जेवताना बरं सगळं वाकतंय!" धोंडप्पा हसला. "चार वरसं झाली. ही खाली असल्यापास्नं एक चादर परत आली न्हाई."

धर्मपालनं खिशातून चार ठोकळे काढले. जमिनीवर लाल जमिनीची पांढरी चौफुली मांडली.

"काशे, हे काय हाय?"

"काल बाईंनी केलं ते."

"आनी तू काय केलतंस?"

"ह्याचं खालचं."

"खालचं का गं?"

काशीनं त्याच्याकडे असं पाहिलं की एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कळू नये. "वरचं बाईंनी केलंच हुतं की."

धर्मपाल हसायला लागला. असा हसला की शरणम्मा पदराला हात पुसत बाहेर आली.

"सांग ना तिला," मी म्हणालो. "वरचंच करायचं म्हणून सांग, म्हणजे झालं."

त्याचं हसू थांबलं. "मी न्हाय सांगायचं. मी शिकवलं तर ते माजं व्हईल, तिचं न्हाय. जे काय सांगायचं ते बाई सांगतील."

ठोकळे खिशात घालून तो उठला. धोंडप्पाला म्हणाला, लेकीला घ्या, आणि एक चादर घ्या.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बाई कागद लिहीत होत्या. धर्मपालनं सगळं सांगितलं. बाई आधी चिडल्या.

"तुम्ही ठोकळे तिच्या घरी नेलेत? तिच्यापुढे मांडलेत? असं करतात का?"

"चुकलं माजं. पर शिकवलं काय न्हाय. नुसतं इचारलं."

"विचारायचंही नसतं!"

"बाई," धोंडप्पानं चादर टेबलावर टाकली, "हे बघा तर आधी."

बाईंनी चादर वरून पाहिली. मग कोपरा धरून उलटली. पुन्हा सुलटी केली. बराच वेळ त्या एकाच फुलाकडे बघत होत्या.

"लहानपणापासून असलीच चादर पांघरते मी," त्या म्हणाल्या. "कधी उलटून पाहिलं नाही."

"पांघरणाऱ्यानं कशाला बघायचं," धोंडप्पा म्हणाला. "ते आमचं काम."

बाईंनी कालचा कागद पुढे ओढला. धर्मपालला वाटलं त्या खोडणार. पण त्या म्हणाल्या, "कालचे गुण मी बदलणार नाही. तुम्ही सांगितलं म्हणून नाही आणि मला वाटलं म्हणूनही नाही. ते जसे आहेत तसे राहतील. पण माझ्याकडे पत्त्यांचा दुसरा संच आहे, तिनं न पाहिलेला. तो आज घेते. का घेतला, तेही लिहीन. वाचणाऱ्याला दोन्ही दिसू दे."

"ह्येच पायजे," धर्मपाल म्हणाला आणि पडद्याकडे निघाला.

"तुम्ही बाहेर."

"काल तर बसलो हुतो."

"काल तुम्हाला उत्तर माहीत नव्हतं. आज तुमचा चेहरा बोलतोय. पडद्यातूनसुद्धा."

आम्ही पायरीवर बसलो. धोंडप्पा बसेना. तो पायरी आणि नळ यांच्यामध्ये फेऱ्या घालत होता. आत काय झालं ते नंतर बाईंनीच सांगितलं. त्यांनी टेबलापलीकडची आपली खुर्ची उचलली आणि काशीच्या शेजारी ठेवली. "आज मी तुझ्याच बाजूला बसते. पत्त्यात दिसतंय तेच वरचं मला करून दाखव. खालचं नको." एवढंच. काशी म्हणाली, "मग काल का न्हाई सांगितलं?"

बाहेर आम्हाला फक्त आवाज येत होता. लाकडावर लाकूड टेकल्याचा. धर्मपाल कान देऊन मोजत होता.

"चार ठेवलं. झालं. पुन्यांदा चार." थोडा वेळ गेला. "आता नऊचं काडलं बाईंनी. सहा... सात... थांबली."

धोंडप्पाही थांबला.

"काडून ठेवला एक. फिरवला." मग टक, टक. "आठ. नऊ."

"बरूबर का?" धोंडप्पानं विचारलं.

"आवाजावरनं कसं कळंल? पर हात लटपटला न्हाय."

बाई बाहेर आल्या त्या हसतच. दहांपैकी नऊ पत्ते बरोबर, ठरलेल्या वेळात. धोंडप्पा आता पायरीवर बसला. पण बाईंनी बोट वर केलं.

"पूर्ण ऐका. मुलीची बुद्धी चांगली आहे, वयाच्या पुढे आहे. तसं मी लिहिते. पण वाचनाची अडचण खरी आहे. ती चादरीमुळे नाही. काही मुलांचं असं असतं. बाकी सगळं समजतं, अक्षर मात्र नजरेत टिकत नाही. तो आळस नाही आणि मंदपणाही नाही. अशा मुलाला अक्षर हातानं गिरवून, चाचपून, तोंडानं म्हणून शिकवावं लागतं. तोवर परीक्षा तोंडी घ्यावी. वेळ लागेल. दुसऱ्या मुलांच्या दुप्पट कष्ट पडतील तिला."

"कष्टाचं काय न्हाई बाई," धोंडप्पा म्हणाला. "नाव ऱ्हाऊ द्या."

सोमवारी धर्मपालनं अर्धी रजा टाकली. सात वर्षांतली पहिली. मी पाळी बदलून घेतली. धोंडप्पा, शरणम्मा आणि आम्ही दोघं कागद घेऊन शाळेत गेलो. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. एका वर्गात साठ मुलं आणि खाली बसायला पुरेशा पट्ट्याही नाहीत, असा माणूस. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मंद नाही, हे समजलं. वाचता येत नाही, हेही यातच आहे. साठ पोरांत एकीला मी हातानं अक्षर कसं शिकवू? चाचपायचं म्हणजे काय चाचपायचं? फळ्यावरचा खडू?"

"लाकडाची करून देतो," धर्मपाल म्हणाला.

"काय?"

"अक्षरं. कोरून. हातात धरता येतील अशी. आई घरात शिकवंल, तुमी वर्गात नुसतं बघा."

"मला न्हाई येत वाचाया," दारातून शरणम्मा म्हणाली.

"मग तुमी बी शिका की. दोघी मिळून."

हेडमास्तर खुर्चीत मागे टेकले. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण त्यांनी ते आवरलं. "ठीक आहे. एप्रिलच्या परीक्षेला तिची तोंडी मी स्वतः घेईन. त्या वेळी निदान वीस अक्षरं ओळखता आली पाहिजेत, डोळ्यानं नाहीतर हातानं. आली तर चौथीत बसवतो. नाही आली तर हा कागद असून मला काही करता यायचं नाही. किती दिवसांत देता अक्षरं?"

"रोज दोन."

"सगळी एकदम नाही देणार?"

"एकदम केली तर वाकडी व्हतील. वाकडं अक्षर चाचपून वाकडंच शिकंल ती."

तो शब्दाला जागला. रोज जेवणाच्या सुट्टीत दोन अक्षरं. ग आणि म लवकर झाले. झ नं त्याचे दोन दिवस खाल्ले. ळ त्यानं तीनदा कोरला. रोज पाळी सुटल्यावर सायकल धोंडप्पाच्या गल्लीतून नेऊन अक्षरं टाकून यायचा. केसरबाई म्हणायची, "माजी चार पोरं शिकली, त्यांच्या टायमाला एक पाटी न्हाई पुसली ह्यांनी." पण अक्षरांच्या कडा काचपेपरनं घासायला तीच बसायची.

धोंडप्पाच्या घरी चाललेलं शिक्षण मी एकदा पाहिलं. काशी मागाखाली उताणी पडलेली. आई वरून एक अक्षर तिच्या हातात सोडायची. काशीनं न बघता चाचपून सांगायचं. मग आईनं डोळे मिटायचे आणि काशीनं तिच्या हातात द्यायचं. पैज लागायची. बहुतेक वेळा शरणम्मा हरायची आणि म्हणायची, अक्षराची कड झिजली आहे. धोंडप्पा माग चालवत मध्येच ओरडायचा, "भ हाय ते, भ!" आणि दोघी त्याच्यावर ओरडायच्या, "तुमाला कोन इचारलं?" त्याला ते कसं कळलं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. तोही शिकत होता.

काही दिवस अक्षर काल यायचं, आज जायचं. एका आठवड्यात सात अक्षरं विसरली. काशी दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू केलं. मी हे लिहितो कारण ते घडलं. ठोकळे दोन तासांत बरोबर आले म्हणून सगळं दोन तासांत होत नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. हेडमास्तरांनी एका कापडी पिशवीत सगळी अक्षरं घातली. तोंडी गणितात काशीनं त्यांना त्यांचंच एक चुकलेलं उत्तर दाखवून दिलं. मग पिशवीत हात घालून एकेक अक्षर ओळखून बाहेर काढायला लागली. वीस झाली. हेडमास्तर म्हणाले, पुरे. ती थांबेना. सव्वीस झाल्यावर ती अडली. ध की घ, तिला ठरवता येईना. हात बाहेर काढून म्हणाली, "हे उद्या सांगते."

हेडमास्तरांनी तिच्यासमोर हजेरीपट उघडला आणि नावापुढे चौथी लिहिलं. धोंडप्पानं बोट ठेवून ते अक्षर अक्षर लावत वाचलं. चौ. थी.

धर्मपाल तिथे नव्हता. अर्धी रजा एकदाच, असं त्यानं ठरवलं होतं. हेडमास्तर स्वतः दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात आले. त्याला बोलावून घेतलं. मुलगी चौथीत गेल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "दुसरीत अजून दोघं आहेत असे. शाळेसाठी एक संच करून द्या. जूनमध्ये शाळा उघडेल तोवर."

धर्मपालनं मान हलवली. "जूनला व्हनार न्हाय."

"का?"

"ध आनी घ एकसारखं हाताला लागत्यात. माजं चुकलंय. आदी ते दोन नीट करतो. मग संच. दिवाळीला घिऊन जा."